अण्णांपुढे कोणता खेळ ठेवावा?

नांदेडास आमचे एक जुने स्नेही आहेत. पाटबंधारे खात्यात तीस-बत्तीस वर्षे नोकरी करून ते आता निवृत्त झाले आहेत. सकाळी गोदावरीकाठी फिरावयास जावे, दुपारी वर्तमानपत्र अथपासून इतिपर्यंत वाचावे आणि दिवेलागणीस विष्णुसहस्रनाम म्हणावे, हा त्यांचा नेम. त्यांचा धाकटा मुलगा पुण्यास संगणकावरील खेळ तयार करणाऱ्या एका कंपनीत चित्रकाराचे काम करतो. पगार बरा आहे, मुलगा निर्व्यसनी आहे, दरमहा घरी पैसे पाठवितो. तथापि लग्नामुंजीत कोणी विचारले की, "धाकटे चिरंजीव काय करतात?" तर आमचे स्नेही "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढेच सांगून विषय बदलतात.

गेल्या दिवाळीत आम्ही त्यांच्याकडे फराळास गेलो असता या मुलाने आम्हांस माडीवर नेऊन विचारले, "काका, मी काय करतो ते अण्णांना एकदा तरी कळावे असे वाटते. त्यांच्यापुढे कोणता खेळ ठेवू?"

प्रश्न लहान दिसतो, परंतु तसा तो नाही. ज्या घरांत एका पिढीचे पोट ज्या उद्योगावर चालते त्यासच दुसरी पिढी व्यसन म्हणते, अशी घरे आज आमच्या वाचकांत थोडी नसतील. म्हणून त्या घरी पुढे काय घडले ते जरा विस्ताराने लिहितो.

प्रथम अण्णांची बाजू. तिला नुसते अज्ञान म्हणून भागणार नाही. मुलगा दहावीस चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला, तेव्हा रीतीप्रमाणे त्यास वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी लातूरास ठेवले. लातूरचा 'पॅटर्न' आता महाराष्ट्रभर ठाऊक आहे. पहाटेपासून रात्रीपर्यंत वर्ग, सराव-परीक्षा, भाड्याची खोली आणि खाणावळीचा डबा. अशा खोलीत, २०१८ सालच्या सुमारास, मोबाईलवर 'पब्जी' हा खेळ शिरला. शंभर माणसे एका बेटावर उतरतात आणि शेवटी जो जिवंत राहील तो जिंकला. खोलीतील चौघेही रात्र रात्र जागले. परीक्षेचा निकाल लागला तेव्हा अण्णा रागावले नाहीत. मुलाची वळकटी उचलून ते एसटीत बसले आणि नांदेड येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने त्या खेळावर बंदी घातली, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रातील ती बातमी कापून देवघराच्या भिंतीवर लावली. ते कात्रण अद्याप तेथे आहे.

त्यात २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अनावर आसक्तीस रोगांच्या वर्गीकरणात स्थान दिले, आणि २०२५ च्या ऑगस्टात पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना आळा घालणारा कायदा संसदेने केला. अण्णांस हे सारे तोंडपाठ. नवा कायदा पैशाच्या खेळांपुरता आहे. ज्यांत द्रव्य लावले जात नाही त्या खेळांना तो मज्जाव करीत नाही, हा भेद मुलाने समजावून सांगितला. अण्णा म्हणाले, "दारूच्या दुकानात सरबतही मिळतेच की."

आम्हांस हे उत्तर आवडले. मुलास अर्थातच आवडले नाही.

असा मनुष्य वादाने वळत नाही, हे सांगणे नलगे. मुलाने मात्र प्रथम तेच केले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१२ साली चौदा व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात दाखल करून घेतले, त्यांत 'पॅकमॅन' आणि मॉस्कोच्या अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४ साली रचलेला 'टेट्रिस' हेही आहेत, इत्यादी माहिती त्याने अण्णांस ऐकविली. अण्णांनी ती शांतपणे ऐकली आणि चष्मा पुसत ते वर्तमानपत्राकडे वळले.

मग आली 'राजी'. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या लहानशा मंडळीने हा खेळ केला. २०१७ साली लोकवर्गणीचा प्रयत्न फसला असताही त्यांनी हातचे काम सोडले नाही, आणि २०२० साली तो जगभर प्रसिद्ध केला. राक्षसांनी पळविलेल्या आपल्या धाकट्या भावास शोधणारी एक मुलगी, राजस्थानी धाटणीचे महाल, छायाबाहुल्यांसारखी चित्रे, आणि कथा सांगणारे कोण, तर दुर्गा आणि विष्णु. मुलास वाटले, विष्णुसहस्रनाम म्हणणाऱ्या माणसास याहून योग्य काय असणार? अण्णा खरोखरच बैठकीवर येऊन बसले. भिंतींवरील चित्रे पाहून "काम बारकाईचे आहे" असेही म्हणाले. परंतु मुलाने ते दोन्ही हातांत धरावयाचे यंत्र त्यांच्या हाती दिले आणि सारा डाव फिसकटला. एका अंगठ्याने चालावयाचे, दुसऱ्याने पाहावयाचे, इतर बोटांनी उडी मारावयाची, शस्त्र चालवावयाचे. दहा मिनिटांत ती बिचारी पोरगी सात वेळा दरीत पडली. आठव्या वेळी अण्णांनी यंत्र खाली ठेवले आणि म्हणाले, "या वयात मुलासमोर हात थरथरताना दाखवायला बसवलंस का रे मला?"

त्या रात्री मुलगा जेवला नाही, असे त्याच्या आईने आम्हांस सांगितले.

येथे आमचे मत सांगतो. मुलाने विषय पाहून खेळ निवडला; बोटे पाहिली नाहीत. लहानपणापासून खेळणाऱ्यास ज्या हालचाली श्वासासारख्या झालेल्या असतात, त्या साठीच्या माणसास सायकल शिकण्याइतक्या नव्या असतात. आणि सायकल शिकताना पडलो तर निदान घरची मंडळी पाहत नसतात! निन्टेन्डो कंपनीने २००६ साली ही अडचण ओळखली होती. त्यांच्या 'वी' यंत्रावर टेनिस खेळावयाचे तर हातातील दांडी रॅकेटप्रमाणे फिरविली की पुरे, त्यामुळे परदेशी वृद्धाश्रमांतूनही तो खेळ रुळला. आम्ही तो सुचविलाही. परंतु ते यंत्र आता बाजारात राहिले नाही आणि अण्णांचा गुडघाही त्यांस साथ देत नाही.

शिवाय अण्णा खेळाचे वैरी मुळीच नव्हेत. त्यांच्या माळ्यावर त्यांच्या आजीचा कापडी सारीपाट आहे. चातुर्मासात त्या घरी सोंगट्यांचे डाव रात्री उशिरापर्यंत रंगत, हे आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकले आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या नावाशी परंपरेने जोडलेला मोक्षपट तर सापशिडीच्या रूपाने आजही घरोघरी आहे. २०२५ च्या जुलैत नागपूरची दिव्या देशमुख बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली, तेव्हा अण्णांनी पेढे वाटले होते. या साऱ्या खेळांत एक गोष्ट समान आहे. आपली पाळी आली की विचार करावयास वेळ मिळतो. अण्णांस घाई आवडत नाही. तीस वर्षे ज्याने धरणाचे हिशेब केले त्यास ती आवडू नयेच.

एवढे आम्ही मुलास सांगितले. पुढचे सर्व श्रेय त्याचे. तो आठ दिवस विचार करीत होता. मग एका दुपारी त्याने आपला संगणक अण्णांच्या टेबलाजवळ मांडला आणि त्यांस न बोलाविता स्वतःच खेळत बसला. खेळ होता 'सिटीज : स्कायलाइन्स'. फिनलंडमधील एका छोट्या कंपनीने २०१५ साली काढलेला. यात शत्रू नाही, बंदूक नाही. एक मोकळी जमीन, एक नदी आणि हमरस्त्याची एक फांदी मिळते. तेथे आपण नगर वसवावयाचे. रस्ते आखा, घरांस, दुकानांस, कारखान्यांस जागा नेमून द्या, वीज आणा, पाणी आणा, कर बसवा. हवे तेव्हा काळ थांबविता येतो. एकच बटण दाबावयाचे, तेही उंदराचे.

मुलाने पाणी उपसण्याचा पंप नदीवर बसविला, आणि सांडपाण्याचे तोंड त्याच्या वरच्या अंगास नदीत सोडले. हे त्याने मुद्दाम केले की चुकून, ते तो आम्हांस अद्याप सांगत नाही. थोड्याच वेळात वस्तीतील माणसे आजारी पडू लागली.

पाठीमागून आवाज आला, "पाणी कुठून घ्यायलास?"

"नदीतून, अण्णा."

"आणि घाण कुठं सोडायलास? वरच्या अंगाला? अरे, प्रवाह कुणीकडे आहे ते तरी बघ!"

अण्णा खुर्ची ओढून बसले. त्या दिवशीचे विष्णुसहस्रनाम रात्री नऊ वाजता झाले.

लातूर-नांदेडकडील माणसास पाण्याची गोष्ट सांगावी लागत नाही. २०१६ च्या एप्रिलात मांजरा धरण कोरडे पडून लातूरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलास पहिली गाडी आली, दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. ती पाहावयास लोक स्थानकावर उभे होते. अण्णांची थोरली मुलगी तेव्हा लातूरातच होती, पाण्याच्या टँकरची पाळी लावून नोकरीस जाई. ज्या गृहस्थाने 'मृतसाठा' हा शब्द आयुष्यभर कागदावर लिहिला, त्यास पडद्यावरील त्या नगराची टाकी रिकामी होताना स्वस्थ बसवेल कसे?

अण्णांनी स्वतःचे नगर वसविले. मधोमध लातूरच्या गंजगोलाईसारखा गोल काढून त्यास सोळा रस्ते जोडले आणि वाहनांची अशी कोंडी केली की खरी गंजगोलाई बरी! चार दिवस ती सोडविण्यात गेले. पुढे त्यांस धरण बांधण्याची परवानगी मिळाली. भिंत घातली, पाणी चढू लागले, आणि वरच्या बाजूची एक वस्ती हळूहळू पाण्याखाली जाऊ लागली. मुलगा हसून म्हणाला, "अण्णा, गेले तुमचे गाव!"

अण्णा हसले नाहीत. त्यांनी काळ थांबविला. बराच वेळ पडद्याकडे पाहून ते बोलू लागले. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात घरांची मोजणी करावयास ते गेले होते. एका म्हातारीने त्यांस ताक दिले आणि विचारले की, तुळशीवृंदावन मोजणीत धरतात का? धरीत नसत. त्यांनी आपल्या वहीत ते लिहून ठेवले. पुढे त्याचे काही झाले नाही. ही हकीकत त्यांनी घरात पूर्वी कोणासही सांगितली नव्हती. मग त्यांनी भिंत मोडली, ती वस्ती उंचावर नव्याने वसविली, रस्ता आणि पाणी दिले, आणि त्यानंतर धरण पुन्हा बांधले. यास दोन संध्याकाळी लागल्या.

आणखी एक गोष्ट मुलाने केली, तिचे आम्हांस फार कौतुक वाटले. या खेळास २०१६ साली एक पुरवणी निघाली. तीत वणवे, वादळे आणि भूकंप येतात. ती त्याच्यापाशी होती. त्याने ती काढून टाकली. त्याच्या आईचे माहेर औसा तालुक्यातील. किल्लारीपासून ते दूर नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून लोक निजले असता, तेथे जे घडले त्यात तिची एक चुलती गेली. दगडी भिंती कोसळण्याचा देखावा त्या घरात मनोरंजन होऊ शकत नाही. दुकानातील कोणत्याही यादीत हे लिहिलेले सापडणार नाही. ते घरच्याच माणसास ठाऊक असते.

आईंचे काय, असे आमच्या भगिनी विचारतील. त्यांस मुलाने 'मॉन्युमेंट व्हॅली' हा मोबाईलवरील खेळ दिला होता. लंडनच्या एका मंडळीचा, २०१४ सालचा. अशक्य वाटणारे जिने फिरवून एका राजकन्येस वाट करून द्यावयाची. दुपारच्या चहाआधी एक जिना, असे त्यांनी पंधरा दिवसांत तो संपविला आणि "दुसरा भाग आहे का?" म्हणून विचारले. त्यांच्या बाबतीत समजूत घालण्याची वेळच आली नाही. आजवर त्यांस कोणी विचारलेच नव्हते, इतकेच.

अण्णा आता रोज एक तास खेळतात. त्याहून अधिक नाही. घड्याळ लावून उठतात आणि मुलासही फोनवर तेच बजावतात. देवघराच्या भिंतीवरील कात्रण त्यांनी काढलेले नाही, आणि काढावे असे आम्ही सुचविणारही नाही. लातूरच्या खोलीतील ती दोन वर्षे खरीच वाया गेली, हे मुलगाही मान्य करतो.

परवा लातूरास एका मुंजीत आम्ही दोघे एकाच पंगतीत होतो. कोणीतरी नेहमीचा प्रश्न विचारला. "कॉम्प्युटरमध्ये आहे," अण्णा म्हणाले. वरणभात कालवून झाल्यावर त्यांनी मान वर केली. "चित्रं काढतो तो. खेळातली. नद्या, डोंगर, असं." त्या गृहस्थांनी पुढे काही विचारले, परंतु इतक्यात मठ्ठा आला आणि आम्हांस उत्तर ऐकू आले नाही.