पेढीपासून ऋणमोचनापर्यंत



सम्मेदशिखर, गिरनार, श्रवणबेळगोळ या यात्रांची तयारी आपल्या घरांतून महिनामहिना आधी सुरू होते. उंबरठ्यापासून तासाभराच्या अंतरावरील स्थळे मात्र पाहावयाची राहून जातात. माझेही तसेच झाले. बँकेच्या नोकरीत वलगावच्या पुलावरून मी शेकडो वेळा गेलो, पण एकदाही खाली उतरलो नाही. निवृत्तीनंतर पौषातल्या एका रविवारी सौ. व धाकटे बंधू यांच्यासह मुद्दाम तेथे उतरलो.

अमरावतीहून परतवाडा किंवा दर्यापूरकडे निघाले की वलगाव लागते. येथील नदीचे नाव पेढी. आपल्या व्यापारी कानांना हे नाव किती ओळखीचे! याच पेढी नदीच्या पुलाजवळ, अमरावतीकडे येत असताना, २० डिसेंबर १९५६ रोजी श्री संत गाडगे महाराजांनी देह ठेवला. त्यांची समाधी अमरावतीच्या गाडगेनगरात आहे व तेथे दर्शनास गर्दी असते. वलगावची ही निर्वाणभूमी मात्र आपल्यापैकी कित्येकांनी धावत्या वाहनातूनच पाहिली असेल.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी झाला. वडील व्यसनापायी अकाली गेले. आईने लहानग्या देबूजीला मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी नेले. तेथे गुरे राखीत, शेतात राबत देबूजी वाढले. पुढे मामांची कसदार शेती सावकारी व्यवहारात अडकली व हातची गेली. निरक्षर माणसाला कागद कसा बुडवितो, हे देबूजींनी कोवळ्या वयात डोळ्यांनी पाहिले. पुढे आयुष्यभर ते कीर्तनांतून सांगत राहिले की मुलांना शिकवा, व्यसन सोडा आणि कर्ज काढून सण-लग्ने करू नका. शेतीकर्जाचा पैसा लग्नमंडपात खर्च झालेली कितीतरी खाती मी नोकरीत हाताळली. तेव्हा हा उपदेश मला भाबडा वाटे. आता तो ताळेबंदाइतका काटेकोर वाटतो.

जैन वाचकांना बाबांच्या चरित्रातील आणखी एक प्रसंग विशेष जवळचा वाटेल. घरातील बारशाला मद्य-मांसाची पंगत घालण्याचा त्यांच्या समाजात रिवाज होता. देबूजींनी जातभाईंचा रोष पत्करून त्या पंगतीत गोडाधोडाचे जेवण वाढले. देवापुढील पशुबळीविरुद्ध ते जन्मभर बोलले आणि मूर्तिजापूरला गोरक्षणाचे कार्य उभे केले. अपरिग्रहाविषयी तर काय सांगावे? पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारणाऱ्या या पुरुषाजवळ स्वतःचे असे एक मडके, एक काठी व चिंध्यांचे पांघरूण एवढेच होते. परिग्रह-परिमाणाचे व्रत आपण ग्रंथांतून वाचतो. या माणसाने ते कोणत्याही दीक्षेविना पाळले.

वलगावहून आम्ही ऋणमोचनला गेलो. भातकुली तालुक्यातील हे गाव पूर्णा नदीच्या काठी आहे. पेढीचे पाणी शेवटी याच पूर्णेला मिळते. मुद्गलेश्वराच्या येथील यात्रेला पौषातील रविवारी भाविकांची रीघ लागते. यात्रेकरूंचे पाय नदीकाठच्या चिखलात घसरत, हे पाहून बाबांनी स्वतः माती वाहिली. पुढे, १९०८ च्या सुमारास, लोकांकडून मदत मिळवून घाट बांधला. त्यांच्या लोककार्याचा आरंभ येथला, आणि शेवट पेढीच्या काठी. एका दिवसाच्या सहलीत एका आयुष्याची दोन टोके पाहून होतात.

परतताना भातकुलीच्या प्राचीन मंदिरात आदिनाथ भगवंतांचे दर्शन घेतले. जाणाऱ्यांनी गाळीव पाणी व शिदोरी सोबत न्यावी. सकाळी लवकर निघाल्यास सूर्यास्तापूर्वीचे भोजन घरी सहज होते.

घरी आल्यावर मात्र मन स्वस्थ बसेना. आमच्या माळ्यावर आजोबांच्या काळच्या लाल कापडी वह्या आहेत. दिवाळीला त्यांची धूळ झटकण्यापलीकडे आम्ही त्यांना कधी हात लावीत नसू. त्या रात्री एक उघडली. एका पानावर शाईचा अंगठा, पुढे व्याजाची आकारणी आणि शेवटी शेताचा उल्लेख. तेच शेत पुढे आमच्या नावावर चढले. कागद कायद्याने चोख असेल. पण अंगठा उमटविणाऱ्याला वरचा मजकूर कोणी वाचून दाखविला होता काय, याची नोंद वहीत नाही. बंधू म्हणाले, “दादा, शंभर वर्षांपूर्वीचे ते. आता कशाला उकरायचे?” मला उत्तर सुचले नाही.

क्षमापनेच्या दिवशी आपण ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतो, ‘उत्तम क्षमा’ म्हणतो, ते बहुधा आप्तेष्टांना व व्यापारातील मित्रांना. ज्यांचे अंगठे आपल्या वह्यांत आहेत, त्यांच्या दारापर्यंत ते शब्द क्वचितच पोहोचतात. त्या पानावरील कुटुंबाचे वंशज आजही जवळच्याच गावी राहतात. येत्या रविवारी ती वही घेऊन त्यांच्याकडे जाण्याचे मी ठरविले आहे. बोलावयाचे काय, ते अजून ठरलेले नाही. बंधूंनी मात्र सोबत येण्याचे कबूल केले आहे.