हात मातीत जाऊ द्या

जून उजाडला की शाळाशाळांतून वृक्षारोपणाचे फोटो येऊ लागतात. रोप पाहुणे लावतात आणि मुले टाळ्या वाजवतात. हे बदलायला हवे.

१९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. महागड्या माँटेसरी साहित्याची वाट न पाहता त्यांनी शिंपले, बिया, पाने हीच साधने केली. बालवाडीच्या परसबागेलाही तेवढेच पुरे. पाच वर्षांच्या मुलाला आंब्याचे रोप देऊन काय उपयोग? त्याला मेथी द्या. दुधाच्या रिकाम्या पिशवीत माती त्यालाच भरू द्या. तीन-चार दिवसांत कोंब वर येतो, महिन्याभरात भाजी शाळेच्या खिचडीत पडते. मूळ कुठवर गेले हे पाहायला एखादे पोर रोप उपटेलच. त्याला मुळीच ओरडू नका, त्याचा तो खरा अभ्यास आहे! हात धुतल्याचे पाणी वाफ्याकडे वळवा, फळांच्या साली खतखड्ड्यात जाऊ द्या.

उन्हाळी सुट्टीत पाणी कोण घालणार, हा प्रश्न मात्र पालकसभेत आधीच सोडवून ठेवा.

यंदा तुमच्या शाळेत काय पेरले, ते मुलांच्याच शब्दांत आम्हाला जरूर लिहून पाठवा.