पहारा कुणावर?

आमच्या सोसायटीच्या फाटकावर पूर्वी वही होती. आता मोबाईलचे ॲप आहे. कामवाली बाई आली की तिचा फोटो निघतो, नि ती केव्हा आली, केव्हा गेली, हे आम्हा घरमालकांना बसल्या जागी कळते. माझा फोटो मात्र कुणी काढत नाही. चोरी काय गरिबालाच सुचते?

सभेत मी हे विचारले, तर उत्तर आले, "मास्तर, सुरक्षिततेचा प्रश्न आहे!"

असेल. पण २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो काही फ्लॅटवाल्यांपुरता नव्हे. नोंद ठेवायचीच तर आधी बाईंना विचारा, आणि महिनाअखेर ती पुसा. नुसती दिवाळीची साडी देऊन ही उधारी फिटायची नाही.