१.७ ला नापास कोण म्हणतं?

जर्मन गुणपत्रिकेवर १.७ म्हणजे उत्तम गुण. तिथे १ सर्वांत वर, ४ ला काठावर पास आणि ५ म्हणजे नापास. या आठवड्यात पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाच्या खिडकीवर हाच आकडा दहापैकी धरला गेला आणि एक सत्र तिकडे शिकून आलेली तिसऱ्या वर्षाची मुलगी नापास ठरली. आकड्याचा घोळ अर्ध्या तासात निस्तरला. खरा घोळ पुढेच होता. इथली सत्रपरीक्षा दिलेली नाही, हजेरी नाही, म्हणून सत्र पूर्ण केल्याची मान्यता, म्हणजे टर्म ग्रँट, नाही. थोडक्यात, इयर डाऊन.

स्टुडंट एक्स्चेंजच्या कामात मी बरीच वर्षं आहे. अशी प्रकरणं येतात, आणि दरवेळी तितकाच संताप होतो.

अशा वेळी मला सोफिया कोराडी आठवतात. रोमच्या सापिएन्झा विद्यापीठात कायदा शिकणारी ही मुलगी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली आणि तिथली मास्टर्स पदवी घेऊन १९५८ मध्ये परतली. रोमच्या कचेरीने ती पदवी मानली नाहीच, वर चारचौघांत तिचा पाणउतारा केला. कोराडींनी तो अपमान विसरायचं नाकारलं. पुढे त्या इटलीतल्या कुलगुरूंच्या परिषदेच्या सल्लागार झाल्या. परदेशात शिकलेलं मायदेशी धरलं गेलंच पाहिजे, असं टिपण त्यांनी १९६९ मध्ये लिहिलं आणि मग वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १९८७ मध्ये युरोपात विद्यार्थी देवाणघेवाणीची इरॅस्मस योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ३,२४४ विद्यार्थी गेले. आज एकूण आकडा कोटीच्या वर आहे. २०१६ मध्ये त्यांना स्पेनमध्ये कार्लोस पाचवा युरोपीय पुरस्कार दिला गेला. रोमची ती कचेरी आणि पुण्याची ही खिडकी यांच्यात साठ वर्षांहून जास्त अंतर आहे, पण मुलीला मिळालेलं उत्तर तेच आहे.

इरॅस्मसमध्ये पैसा आहे, शिष्यवृत्ती आहे, पण योजनेचा जीव एका कागदात आहे. विद्यार्थी तिकडे कोणते विषय घेणार आणि ते घरच्या कोणत्या विषयांच्या जागी धरणार, हे निघण्याआधी लिहायचं. त्याखाली विद्यार्थी, पाठवणारं विद्यापीठ आणि घेणारं विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या. वर्षाला ६० क्रेडिट, सत्राला ३०, हे मापही सगळ्यांचं एकच. परतल्यावर खिडकीशी वाद घालायला काही उरत नाही.

पुण्याच्या या मुलीनेही तिकडे ३० क्रेडिट पुरी केली आहेत. तिच्या महाविद्यालयाचा सामंजस्य करारही आहे. शाल-श्रीफळाचा फोटो माहितीपुस्तकात छापलेला आहे. करारात परस्पर सहकार्याची इच्छा आहे, पण कोणत्या पेपरऐवजी कोणता पेपर याची एक ओळ नाही. अभ्यास मंडळापुढे विषयच गेला नव्हता. जर्मनीचं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं आणि परीक्षा फेब्रुवारीच्या सुमारास होतात. आपली पहिली सत्रपरीक्षा नोव्हेंबरच्या आसपास, दुसरं सत्र जानेवारीच्या सुमारास सुरू. जाणाऱ्या विद्यार्थ्याची इथली दोन्ही सत्रं मोडणार, हे तिकीट काढण्याआधीच कॅलेंडरवर दिसत होतं. खिडकीतल्या कारकुनावर माझा राग नाही. त्याच्या हातात कागदच नव्हता. राग आहे तो करारावर सही करून मोकळे झालेल्यांवर.

त्या मुलीने तिकडे काय केलं ते पाहा. खोली मिळाल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा फॉर्म तिने स्वतः मागे लागून मिळवला. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारीच भाजी भरून ठेवायची सवय लागली. रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात घालून प्रत्येकीचे २५ सेंटपर्यंत परत घ्यायला ती शिकली. मला फिरण्याचं वेड आहे, आणि याबाबत माझं मत ठाम आहे: गावात भाडं भरून राहिल्याशिवाय गाव कळत नाही. त्याच महाविद्यालयात दहा दिवसांत पाच देश दाखवणाऱ्या अभ्यास सहलीला मात्र हजेरी मिळते, वर प्रमाणपत्रही. बसमधून उतरायचं, विद्यापीठाच्या फाटकासमोर फोटो काढायचा, पुन्हा बसमध्ये. या सहलींवर पालकांचे लाखो रुपये जातात, आणि एक सत्र मन लावून शिकलेली मुलगी हजेरीच्या डिफॉल्टर यादीत जाते. हा अन्याय आहे.

नियमांकडे बोट दाखवायलाही फारशी जागा नाही. परदेशी विद्यापीठाबरोबरच्या ट्विनिंग अभ्यासक्रमात तिकडे मिळवलेली ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट धरण्याची सोय यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत आहे. विद्यार्थ्यांची क्रेडिट जमा ठेवणारी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स तर २०२१ पासून आहे. दिल्लीने दार किलकिलं केलं आहे, पण महाविद्यालयाने विषयांचा तक्ता करायचे कष्ट घेतले नाहीत.

मुलीचा अर्ज आता परीक्षा मंडळापुढे जाईल. तो मंजूर व्हावा, यासाठी मी तिच्याबरोबर जाणार आहे. येत्या ऑक्टोबरच्या सत्रासाठी ज्यांच्या मुलांची निवड झाली आहे, त्यांनी व्हिसाची तारीख घेण्याआधी विभागप्रमुखांना गाठावं. तिकडच्या विषयांची यादी, प्रत्येकापुढे इथला पेपर, हजेरीचं काय ते स्पष्ट, अभ्यास मंडळाच्या ठरावाचा क्रमांक आणि खाली सही. एवढं हातात पडत नाही, तोवर महिन्याला ९९२ युरो या हिशेबाने, जर्मन व्हिसासाठी लागणाऱ्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पैसे अडकवू नयेत.