गोल टोकाचं पेन आणि पहिला बोनस

बोनसचा मेसेज मोबाइलवर येऊन पडला की माणसाला आपण जन्मजात कलेक्टर असल्याचा साक्षात्कार होतो. कुणी घड्याळं जमवतं, कुणी स्नीकर्स. आमच्या ऑफिसातल्या एका उत्साही मुलाला यंदा शाईच्या पेनांनी पछाडलंय. ‘दादा, सुरुवातच माँ ब्लाँपासून करतो. १४९! एकदाच काय तो खर्च,’ असं म्हणत त्याने फोटो दाखवला. काळंभोर, जाडजूड, दोन्ही टोकं गोल, टोपणाच्या माथ्यावर पांढरा तारा. मी म्हटलं, ‘पेन झकासच आहे रे. पण तू पेन घेतोयस की तारा?’

स्वारी गप्प. तुमच्याही डोक्यात हाच किडा वळवळत असेल, तर आजचा कॉलम तुमच्यासाठी.

आधी या गोलाईचा फंडा काय ते बघू. शंभर वर्षांपूर्वी बडी पेनं दोन्ही टोकांना सपाट असायची, खडू मोडावा तशी. १९२१ चं पार्कर ड्युओफोल्ड हा त्यातला हिरो. मग १९२९ साली अमेरिकेतल्या शेफर कंपनीने ‘बॅलन्स’ नावाचं पेन काढलं. पोटाशी भरलेलं, टोकांकडे निमुळतं होत गेलेलं. टोकांचं वजन कमी करायचं आणि तोल हातात आणायचा, हा विचार नावातच सांगून टाकलेला. बाकीच्या कंपन्यांनीही मग टोकं घासायला घेतली. १४९ आलं १९५२ मध्ये, म्हणजे या पंगतीत ते तसं उशिराच बसलं. परदेशी मंडळी या आकाराला सिगार म्हणतात. मला मात्र कोवळी काकडी आठवते.

तेव्हा गोल पेन निवडताना पहिला प्रश्न ब्रँडचा नाही, बोटांचा. १४९ चांगलंच जाड आहे. मोठ्या पंजाच्या माणसाला ते राजेशाही वाटतं, बारीक बोटांना दोन पानांनंतर लाटणं धरल्यासारखं होतं. त्याचं धाकटं भावंड १४६, आकार तोच पण अंगाने बारीक. बऱ्याच हातांना खरं तर तेच बसतं. पण ‘मोठं ते भारी’ या हिशोबाने लोक १४९ उचलतात आणि ते खिशातच मिरवतं. सही करण्यापुरतं बाहेर येतं बिचारं.

याच गोल घराण्यातली तीन जपानी पेनं आहेत. पायलटचं कस्टम ७४, प्लॅटिनमचं ३७७६ आणि सेलरचं १९११. तिन्हींना सोन्याची निब आणि वजन बेताचं, त्यामुळे तासभर लिहिलं तरी मनगट तक्रार करत नाही. नावांतल्या आकड्यांची गंमत बघा. पायलट कंपनी १९१८ ची, तिच्या ७४ व्या वर्षी आलं ते कस्टम ७४. १९११ हे सेलरच्या स्थापनेचं साल. आणि ३७७६ म्हणजे फुजी पर्वताची मीटरमधली उंची. तिकडे १४९ च्या निबवर ४८१० कोरलेलं असतं, ती माँ ब्लाँ शिखराची उंची. (कळसूबाई १६४६ मीटर आहे. कुणी मराठी उद्योजक ऐकतोय का?)

तिघांत एकच घ्यायचं तर मी प्लॅटिनम सांगेन. कारण साधं आहे. कलेक्शन म्हटलं की रोज एकच पेन हातात असणार, बाकीची वाट बघणार. वाट बघणाऱ्या पेनात शाई वाळते आणि मग ऐन वेळी ते रुसतं. २०११ पासूनच्या ३७७६ च्या टोपणात आत स्प्रिंगवरचं दुसरं झाकण असतं, ते निबभोवती घट्ट बसतं. महिनोन्महिने पडून राहिलं तरी पहिल्या रेघेला लिहितं. सेलर घेणार असाल तर दुकानात त्याच कंपनीचं सपाट टोकांचं प्रो गिअरही मागून घ्या आणि दोन्ही आलटून पालटून चालवा. कदाचित तुमच्या हाताला सपाटच आवडेल. मग गोलाचा हट्ट कशाला?

आता निब. इथे आपली लिपी मधे येते. जपानी ‘फाइन’ ही युरोपियन ‘फाइन’पेक्षा बारीक असते, कारण चित्रलिपीतल्या दाट रेघा. आपली जोडाक्षरं काही कमी दाट नाहीत! लहान अक्षरात ‘ष्ठ’ किंवा ‘द्ध’ लिहायचं तर युरोपियन मीडियम निब त्यांची पोटं शाईने भरून टाकते. त्यामुळे अक्षर बारीक असेल तर जपानी फाइन, टपोरं असेल तर मीडियम. दुकानात निब तपासताना इंग्रजीत सही करून मोकळं होऊ नका. शिरोरेघेसकट एक मराठी वाक्य लिहा. शिरोरेघ ओढताना निब खरवडते का, ते लगेच कळतं.

मग भारतीय काहीच नाही? आहे तर! आणि माझ्या मते त्याच्याशिवाय कलेक्शन अपुरं आहे. आंध्रातल्या राजमहेंद्रीत रत्नम पेनं १९३२ पासून बनताहेत. त्यांचं स्वदेशी पेन वापरून गांधीजींनी १९३५ साली वर्ध्याहून पसंतीचं पत्र पाठवलं होतं. आपल्या मुंबईच्या एअरमेलचीही एबोनाइटची पेनं मिळतात. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. त्याचा दांडा लेथवर चढवून कारागीर हाताने गोलाई उतरवतो. हातात धरलं की उबदार लागतं, प्लास्टिकसारखं परकं नाही. बहुतेक पेनं ड्रॉपरने भरायची, अख्खी नळी हीच टाकी. आट्यांना थोडं सिलिकॉन ग्रीस लावा, गळत नाही. एक खोड मात्र आहे. शाई तळाला गेली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि पेन कागदावर डाग ओकतं. पाव टाकी उरली की भरून घ्यायचं, बस.

हिशोब करा. एका १४९ च्या पैशांत तीन जपानी आणि वर दोन-तीन एबोनाइटची पेनं सहज येतात. आमच्या उत्साही मुलाला मी हेच गणित कागदावर मांडून दिलं. शिवाय तारेवाली पेनं कुणी ना कुणी घेत राहणारच, त्यांची चिंता नको. पण लेथवर हाताने पेन उतरवणारे आता मोजके उरलेत. त्यांच्याकडे ऑर्डर गेली नाही तर पुढची पिढी त्या लेथवर कशाला उभी राहील?

आणि हो, खरेदीला निघण्याआधी घरातली कपाटं उघडा. आजोबांचं एखादं गोल टोकाचं पेन फडक्यात गुंडाळून ठेवलेलं निघालं, तर तुमच्या कलेक्शनचा श्रीगणेशा फुकटात झाला. टोपण उघडल्यावर कापरासारखा वास आला तर ते सेल्युलॉइड, त्याला आगीपासून लांब ठेवायचं. गरम पाण्यात तर काहीच बुडवू नका, एबोनाइटचा काळा रंग उडून मातकट होतो. निब तेवढी साध्या पाण्यात भिजवा. बाजूला शाई भरायचा खटका असेल तर उत्साहाने ओढू नका. आतली रबरी पिशवी वाळून कडक झालेली असते आणि जोर लावला की खटकाच मोडतो. आधी दुरुस्तीवाल्या काकांना दाखवा, पिशवी बदलून मिळते.