शुद्ध बोलणें आणि चौदावें वर्ष

आठवीच्या वर्गांत एका बाकावर बसणारीं दोन मुलें जन्मतारखेनें समवयस्क असलीं, तरी शरीरानें व मनानें तशीं असतातच असें नाहीं. पौगंडावस्थेचा आरंभ मुलींत साधारणपणें ८ ते १३ आणि मुलग्यांत ९ ते १४ या वर्षांच्या दरम्यान केव्हांही होतो. एकाचा आवाज फुटलेला असतो, शेजाऱ्याचा अजून बालकाचाच! तथापि या वयांतील एक गोष्ट बहुतेकांस समान आहे; ती म्हणजे बरोबरीच्यांच्या नजरेचा धाक. २००५ सालीं अमेरिकेंत मार्गो गार्डनर व लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनीं प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतींत बोलका आहे. संगणकावरील मोटारीच्या खेळांत १३ ते १६ वर्षांचीं मुलें एकटीं असतांना जेवढा धोका पत्करीत, त्याहून पुष्कळ अधिक तीं मित्र पाहात असतांना पत्करूं लागलीं. २४ वर्षांवरील माणसांत मात्र असा फरक फारसा आढळला नाहीं. जी नजर एकास साहसास प्रवृत्त करते, तीच दुसऱ्यास मुका करीत असेल, तर नवल कसलें?

आतां अशा वर्गांत, जिच्या घरीं अहिराणी बोलतात अशी नंदुरबारकडील मुलगी पुण्यास येऊन दाखल झाली आहे, अशी कल्पना करा. उभें राहून वाचतांना तिच्या तोंडून 'पाणी'चें 'पानी' होतें. वर्ग हंसतो; शिक्षकही किंचित् हंसतात. पहिलींतील मूल हें मधल्या सुट्टींत विसरूनही जाईल. चौदाव्या वर्षीं मात्र ती पुन्हां हात वर करावयाची नाहीं, असा संभव फार. आणि शिक्षक तिच्या प्रगतिपुस्तकांत 'अबोल' असा शेरा लिहून मोकळे होतात! २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें छडीबरोबर मानसिक छळही निषिद्ध केला आहे. पण हें हंसणें कोणत्या कलमांत बसवावयाचें?

प्रमाणभाषा शिकवूंच नये, असें आम्ही म्हणत नाहीं. परीक्षेस व पुढें नोकरीस ती लागतेच. ती न शिकविणें हा त्या मुलीवर दुसरा अन्याय होईल. प्रश्न आहे तो चूक कोठें दाखवावयाची याचा. ती वहींत दाखवितां येते. मोठ्यानें वाचण्यापूर्वीं दोघांदोघांनीं आपसांत वाचून घेतां येतें. एखाद्या दिवशीं एकच शब्द कोणाच्या घरीं कसा उच्चारतात हें फळ्यावर लिहिलें, तर अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी रूपें शेजारीं शेजारीं येतात आणि भाषेचा उत्तम पाठ होतो. यास वेळ लागतो व अभ्यासक्रम मागें पडतो, ही शिक्षकांची तक्रार खरी आहे.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें मात्र त्या वर्गांत हंसणाऱ्यांच्या बाजूस बसतात. 'न' आणि 'ण' यांवरचे विनोद तीं शाळेंत शिकत नाहींत. ते तीं घरीं, रात्रीच्या पानावर, वडील माणसांच्या तोंडून ऐकतात. पालकसभेंत आपल्या मुलाचे गुण विचारण्यास आपण चुकत नाहीं. तो वर्गांत कोणास हंसतो, हें विचारणारा पालक अजून आमच्या पाहण्यांत आलेला नाहीं.