वार्धक्य : करुणरस आणि कवायत

मराठी साहित्यव्यवहाराला म्हातारे माणूस दिसते ते दोनच रूपांत. रंगभूमीवर आणि कथा-कादंबऱ्यांत ते रडताना दिसते. वर्तमानपत्रांच्या आरोग्यपुरवण्यांत ते पांढरे बूट घालून हसत चालताना दिसते. पहिल्या रूपावर आपण प्रबंध लिहितो. दुसऱ्यावर काही लिहिण्याजोगे आहे, असे आपणांस वाटतच नाही. आमच्या मते ही दोन्ही रूपे एकाच मध्यमवर्गीय दृष्टीची अपत्ये आहेत, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी दोहोंचीही झडती घ्यायला हवी.

'नटसम्राट'चेच पाहा. १९७० साली हे नाटक रंगभूमीवर आले, तेव्हापासून कृतघ्न मुलांनी घराबाहेर काढलेल्या बापाची शोकांतिका म्हणूनच ते शिकवले जाते. अप्पासाहेब बेलवलकर साकारणारे डॉ. श्रीराम लागू तेव्हा अवघे त्रेचाळीस वर्षांचे होते, हे कौतुकाने सांगितलेही जाते. मात्र या शोकांतिकेचा आरंभ मुलांच्या वागण्यापासून होत नाही, तर निवृत्तीपासून होतो, याकडे समीक्षेचे लक्ष क्वचितच जाते. अप्पासाहेबांची वाणी शाबूत आहे, स्मरण शाबूत आहे. नाही ती फक्त ती वापरण्याची जागा. ज्याचे काम संपले, त्याच्यापाशी देण्यासारखे उरले ते घर आणि पैसा. ते देऊन झाल्यावर तो घरातली अडगळ ठरतो. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'तील नाना-नानींसमोरही वाट पाहण्यावाचून काही उरत नाही. या नाटकांनी दाखवलेला निरुपयोगीपणा समाजाने घडवलेला आहे. आपण मात्र तो वयाचा स्वभावधर्म मानला आणि त्यावर करुणरसाचे शिक्कामोर्तब केले.

आता दुसरी बाजू. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली 'सक्रिय वार्धक्य' या कल्पनेचा आराखडा मांडला. त्यात आरोग्याच्या बरोबरीने आणखी दोन गोष्टी होत्या : समाजजीवनातील सहभाग आणि सुरक्षितता. आपल्या पुरवण्यांनी त्यातले आरोग्य तेवढे उचलले आणि उरलेल्या दोहोंना सोयिस्कर रजा दिली. पासष्टीनंतर आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, दोन दिवस स्नायूंना बळ देणारा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा, हा त्याच संघटनेचा २०२० सालचा सल्ला योग्यच आहे. त्याच्याशी आमचे भांडण नाही. आमचे भांडण आहे ते त्या सल्ल्याचे नीतिशास्त्र बनवणाऱ्यांशी. जो चालतो तो शहाणा, आणि ज्याचे गुडघे गेले तो आळशी, असा निवाडा त्यातून निघतो. दुकानांच्या मांडवांनी आणि दुचाक्यांनी भरलेल्या पदपथावर सत्तरीच्या बाईने चालायचे कोठे, हे कोणी विचारत नाही. जी बाई सत्तरीतही पोटासाठी दुसऱ्याच्या रानात खुरपते, तिला 'सक्रिय राहा' असा उपदेश करणे ही क्रूर थट्टा आहे. तिला विश्रांती हवी आहे, निवृत्तिवेतन हवे आहे.

येथे कोणी महर्षी कर्व्यांचे नाव घेईल. घ्यावेच. १८५८ साली जन्मलेल्या कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले, खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढले ते १९३६ साली आणि समता संघ स्थापन केला १९४४ साली. म्हणजे अनुक्रमे अठ्ठावन्नाव्या, अठ्ठ्याहत्तराव्या आणि शहाऐंशीव्या वर्षाच्या सुमारास. १९६२ साली ते वारले तेव्हा त्यांनी शंभरी ओलांडलेली होती. या चरित्रातून आपण मिताहाराचा आणि पायी चालण्याचा धडा काढतो. परंतु हिंगण्याहून पुण्याला ते चालत जात ते प्रकृतीसाठी नव्हे, पुण्यात काम होते म्हणून. आणि त्यांच्या कार्याला आनंदीबाईंच्या, म्हणजे बायांच्या, कष्टांचा केवढा आधार होता, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी 'माझे पुराण' वाचावे. एका माणसाच्या दीर्घ सक्रियतेखाली दुसऱ्याचे किती श्रम असतात, हा प्रश्न आरोग्याच्या लेखांत कधीच येत नाही.

कर्वे अपवाद होते, असे म्हणून हा मुद्दा उडवून लावता येणार नाही. शरीराचे झिजणे अटळ आहे आणि त्याचे दुःखही खरे आहे; ते साहित्याने मांडू नये असे आम्ही म्हणत नाही. पण झिजलेल्या शरीराचा माणूसही काही इच्छितो, शिकतो, चुकतो, रागावतो, नवे काही आरंभतो. 'या वयातही किती तरुण!' असे म्हणून आपण त्याचे कौतुक करतो, तेव्हा वार्धक्याला स्वतःचे मूल्य नाही असेच सुचवत असतो.

म्हणून अध्यापकांना आमची विनंती आहे, की 'वृद्धांची समस्या स्पष्ट करा' हा ठरीव प्रश्न प्रश्नपत्रिकेतून काढून टाकावा. त्याऐवजी विद्यार्थ्यांना विचारावे : या संहितेतील म्हाताऱ्या माणसाला काय करायचे आहे, आणि त्याला ते कोण करू देत नाही?